बॅरिएट्रिक सर्जरीनंतर वजन किती उतरतं, कधी उतरतं आणि कधी अडतं: नवीन लोकांसाठी टप्प्याटप्प्याने

बॅरिएट्रिक म्हणजे वजन कमी करायच्या सर्जरीची तारीख ठरली की सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, किती किलो उतरेल आणि किती दिवसांत. आणि उत्तर मिळतं ते कुणाच्या तरी आत्याचं, की तिचे सहा महिन्यांत ४० किलो गेले. आत्याचं सुरुवातीचं वजन किती होतं, उंची किती, सर्जरी कोणती केली, शुगर होती का, हे कुणी सांगत नाही. मग आपलं ऑपरेशन होतं, तिसऱ्या आठवड्यात वजन जागचं हलत नाही आणि माणूस रात्री दोन वाजता रडत मेसेज टाकतो की माझंच फेल गेलं वाटतं.

माझी स्लीव्ह (जठर लहान करायची सर्जरी) झाली त्याला आता काही वर्षं झाली, तेव्हापासून पेशंट मीटिंगमध्ये नवीन लोकांशी बोलणं चालूच आहे, आणि माझं ठाम मत आहे की निम्मा त्रास ऑपरेशनचा नसतो, चुकीच्या अपेक्षेचा असतो. त्यामुळे आधीच शांतपणे बसून आपला आकडा आणि आपलं कॅलेंडर समजून घ्या. औषधं, डोस, खाण्याचे टप्पे यात तुमच्या सर्जनने किंवा डायटिशियनने काही वेगळं सांगितलं असेल तर तेच धरायचं, कारण तुमचे रिपोर्ट त्यांनी बघितलेत.

१. आपली सर्जरी नक्की कोणती ते कळू द्या

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि एक अरुंद उभी नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून नुसती जागा कमी होत नाही तर सुरुवातीचे काही महिने भूकच फारशी लागत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं तिला जोडतात, मग अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो, आपल्याकडे हीसुद्धा भरपूर होते.

हे कळायला हवं कारण उतरण्याचा आकडा यावर बदलतो. स्लीव्हनंतर दीड-एक वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के आणि बायपासनंतर ३० ते ३५ टक्के कमी होणं, ही सरासरी धरून चालायला हरकत नाही. सरासरी म्हणजे सरासरी, काही जण याच्या वर जातात, काही खाली राहतात. डायबेटिस बरीच वर्षं असेल, वय जास्त असेल, गुडघ्यांमुळे चालणंच होत नसेल तर थोडं कमी उतरतं, त्यात तुमचा दोष नाही.

इथेच पैशाचं पण बघून घ्या. भारतीय लोकांना कमी बीएमआयलाच (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) शुगर-बीपी गाठतं म्हणून आपल्याकडे डॉक्टर साधारण ३७.५ च्या वर, किंवा सोबत आजार असेल तर ३२.५ च्या वर सर्जरीचा विचार करतात, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सनी तर आशियाई लोकांसाठी ही रेषा अजून खाली, २७.५ पर्यंत आणली. पण मेडिक्लेमच्या स्टँडर्ड अटीत आकडा वेगळाच आहे: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणारा गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा कंट्रोलमध्ये न येणारा टाइप २ डायबेटिस असे ठरावीक आजार. म्हणजे डॉक्टर म्हणतात करा आणि कंपनी म्हणते बसत नाही, असं होऊ शकतं. अ‍ॅडमिट व्हायच्या आधी लेखी प्री-ऑथ, म्हणजे कंपनीची आधीची मंजुरी, घ्या, तोंडी "होऊन जाईल" वर राहू नका, आणि पॉलिसीचा वेटिंग पीरियड संपलाय का तेही बघा.

२. आपला आकडा वहीत काढा

डॉक्टर दोन भाषांत बोलतात आणि पेशंट गोंधळतो. एक असतो जास्तीच्या वजनाचा टक्का, दुसरा एकूण वजनाचा टक्का. उदाहरण घेऊ. एक बाई, उंची १६० सेंमी, वजन ११० किलो, म्हणजे बीएमआय साधारण ४३. या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो. मग जास्तीचं वजन झालं ११० वजा ६४, म्हणजे ४६ किलो. स्लीव्हनंतर या ४६ पैकी ६० ते ७० टक्के जातील असं सांगतात, म्हणजे साधारण २८ ते ३२ किलो. एकूण वजनाचा हिशोब केला तरी तेवढंच येतं, ११० चे २५ ते ३० टक्के म्हणजे २७ ते ३३. म्हणजे ही बाई दीड वर्षाने ७८ ते ८२ च्या आसपास असेल. बायपास केली तर ७२ ते ७७.

आता नीट बघा, ६४ नाही आलं. डॉक्टर "७० टक्के" म्हणाले ते ऐकून लोक घरी येऊन सांगतात की ११० चे ७० टक्के जाणार, मी ३३ किलोची होणार का हो! ऐकायला मजेशीर वाटतं पण खरंच असा गोंधळ होतो, त्यामुळे कन्सल्टिंगमध्ये सरळ विचारा, "कशाचे टक्के?" काही ठिकाणी आशियाई हिशोबाने २५ ऐवजी २३ चा बीएमआय धरतात, तेव्हा जास्तीचं वजन वाढतं आणि तोच निकाल कागदावर कमी टक्क्यांचा दिसतो. म्हणून मी सगळ्यांना एकूण वजनाच्या टक्क्यावरच राहायला सांगते, त्यात कुणी काय धरलं याचा प्रश्नच येत नाही.

आणि १६० किलोवाल्याचे ४० किलो गेले आणि तुमचे २८ गेले म्हणून तो जिंकला असं काही नसतं, टक्के काढा, जवळपास सारखेच निघतील.

३. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे

बहुतेक ठिकाणी साधारण दोन आठवडे लो-कॅलरी, जास्त प्रोटीनचं डाएट देतात, बरंचसं लिक्विड. हे वजन कमी करायला म्हणून नसतं, लिव्हरवरची चरबी कमी होऊन लिव्हर लहान व्हावं आणि दुर्बिणीतून काम करताना सर्जनला जागा मिळावी म्हणून असतं. त्यात २ ते ५ किलो जातात, बरंचसं पाणी असतं. हे किलो कुठे मोजायचे ते ठरवा. माझं म्हणणं, डाएट सुरू व्हायच्या आदल्या दिवशीचं वजन सुरुवातीचं धरा आणि ऑपरेशनच्या सकाळचं वेगळं लिहा, म्हणजे पुढे दोन्ही हिशोब करता येतात.

कमरेचं, दंडाचं, मांडीचं माप टेपने घेऊन ठेवा आणि समोरून-बाजूने फोटो काढा. आत्ता नको वाटतं, माहितीये. पण पुढे काटा अडेल तेव्हा हेच उपयोगी पडतं.

सिगारेट, तंबाखू, मिश्री काही असेल तर आत्ताच बंद, आणि परत कधीच नाही. बायपासनंतर तंबाखूने जोडाच्या जागी अल्सर होतो आणि तो फार छळतो.

४. पहिला आठवडा: काट्याकडे बघूच नका

घरी आल्यावर लोक वजन करतात आणि दोन किलो वाढलेलं दिसतं. सलाइनचं पाणी, सूज, बाकी काही नाही. एवढं कापून आलो आणि वाढलं, म्हणून रडू नका, चार-पाच दिवसांत लघवीवाटे निघून जातं.

या आठवड्यात काम दोनच, पाणी पिणं आणि चालणं. दिवसाला दीड ते दोन लिटर गाठायचं असतं आणि एका वेळी दोन घोटांपेक्षा जास्त जात नाही, म्हणून ३० मिलीचा औषधाचा कप घ्या आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक कप असं दिवसभर चालू ठेवा, मोबाइलवर अलार्म लावून. नारळपाणी, गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, गाळलेलं चिकन सूप, जे तुमच्या चार्टवर असेल ते. घोट मोठा घेतला तर छातीच्या मधोमध अडकल्यासारखं दुखतं. ऑपरेशननंतर परत अ‍ॅडमिट व्हायला लागण्याच्या कारणांत अंगातलं पाणी कमी होणं हे अगदी वरचं कारण आहे, लघवी गडद पिवळी आणि उभं राहिल्यावर चक्कर म्हणजे तुम्ही मागे पडलात.

पायात गुठळी होऊ नये म्हणून घरातल्या घरात दर तासाला फेऱ्या मारा, इंजेक्शन दिली असतील तर एकही चुकवू नका.

आणि हे फ्रिजवर लावून ठेवा: ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, विश्रांतीतही छातीची धडधड, डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, एका पायाला सूज. यातलं काहीही झालं तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, ताबडतोब सर्जनला फोन आणि हॉस्पिटल. शिवलेल्या जागेतून लीक क्वचितच होतं, पण झालं तर एकेक तास मोलाचा असतो.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगते. वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच शुगर खाली यायला लागते, खास करून बायपासमध्ये. जुना इन्सुलिनचा डोस तसाच घेतला तर शुगर एकदम पडू शकते. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. डिस्चार्जच्या वेळी नवीन डोस लेखी घ्या आणि घरी ग्लुकोमीटर ठेवा.

५. पहिला महिना, आणि तिसऱ्या आठवड्यातली ती अडचण

पहिल्या महिन्यात आपल्या ११० किलोवाल्या बाईचे ८ ते १० किलो जातात. यातले बरेच पहिल्या पंधरा दिवसांत. मग काटा थांबतो, एक आठवडा, कधी दोन, कधी तीन. इतक्या जणांना होतं की नाही झालं तर आश्चर्य.

होतं काय, तर शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून लिव्हर आणि स्नायूंत ठेवतं आणि एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम बंद झालं की आधी हा साठा पाण्यासकट जातो, म्हणून सुरुवातीला काटा धडाधड खाली येतो. नंतर शरीर थोडं पाणी परत धरायला लागतं, जखमा भरत असतात, तुम्ही लिक्विडवरून मऊ जेवणावर येता. आतून चरबी जातच असते पण तेवढंच पाणी भरलं तर काटा तोच दाखवतो. या काळात ४००-६०० कॅलरी खाणाऱ्या माणसाची चरबी जात नाही असं होऊच शकत नाही. टेप काढून कंबर मोजा, कमी झालेली असते.

या आठवड्यात जे करू नये ते म्हणजे अजून कमी खाणं. प्रोटीन ६० ते ८० ग्रॅमपर्यंत न्यायचं असतं आणि सुरुवातीला ते पावडरीशिवाय बहुतेकांना जमत नाही. दोन-तीन घोटांत दिवसभर घेत राहा.

वजन आठवड्यातून एकदाच करा, त्याच काट्यावर, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही प्यायच्या आधी. रोज करणाऱ्यांचा दिवस काट्यावर ठरतो, आणि मी कितीतरी जणींना सांगते की काटा शेजारच्यांकडे नेऊन ठेवा.

६. एक ते सहा महिने: हाच वेगाचा काळ

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. नेहमीचं म्हणजे प्रकार नेहमीचा, प्रमाण नाही. मऊ मुगाच्या खिचडीची छोटी वाटी घेऊन बसलात की चौथ्या-पाचव्या चमच्याला छातीखाली दाब येतो, उचकी लागते, शिंक येते किंवा नाक गळायला लागतं. पोट भरल्याची खूण आता तीच. पूर्वीसारखं "पोट टम्म झालं" याची वाट बघितली तर उलटीच होणार. त्या उचकीला चमचा खाली ठेवायचा, वाटीत उरलं तर उरलं. आपल्याला लहानपणापासून ताट स्वच्छ करायची सवय लावलेली असते, ती मोडायला वेळ लागतो.

पोळी आणि भात यांचा बहुतेकांना त्रास होतो. मऊ गरम पोळीचा लगदा होऊन अडकतो, भात फुगतो. तसंही त्यांना आता जागा नाहीये, आधी प्रोटीन, मग भाजी, उरलीच जागा तर दोन घास पोळी. घरातल्या घरात प्रोटीनचा अंदाज असा धरा: एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या वर, एक ग्लास दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात ६-७ च्या आसपास. वरण-भातावर वाढलेल्या आपल्या लोकांना वरण म्हणजे भरपूर प्रोटीन वाटतं, पण ६० ग्रॅमसाठी नऊ-दहा वाट्या लागतील आणि तुमच्या पोटात अर्धी जातेय. मटकीची उसळ मऊ शिजवून, बांगडा किंवा सुरमई, पनीर भुर्जी, घट्ट दही, सोया, यातलं फिरवत राहा.

जेवताना पाणी नाही. जेवणाच्या आधी थोडा वेळ आणि नंतर अर्धा तास. हे जवळजवळ सगळे डायटिशियन सांगतात आणि जवळजवळ सगळे पेशंट सहा महिन्यांत विसरतात.

आकड्यांत बोलायचं तर आपली ११० किलोवाली स्लीव्हची बाई तीन महिन्यांनी ९१ ते ९४ आणि सहा महिन्यांनी ८४ ते ८७ च्या मध्ये कुठेतरी असते, अंदाजे. वेग कसा कमी होतोय बघा, पहिल्या तीन महिन्यांत १७ किलो आणि पुढच्या तीनमध्ये सात-आठ. यात काही बिघडलेलं नसतं. शरीर हलकं झालं की त्याला चालवायला कॅलरी कमी लागतात आणि तुमचं खाणंही थोडं वाढलेलं असतं, त्यामुळे उतार हळूहळू सपाट होणारच. सहाव्या महिन्यात महिन्याला दीड-दोन किलो जात असतील तर ते उत्तम चाललंय.

मध्ये मध्ये काटा पुन्हा अडतो. बायकांचा पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर हमखास. तीन-चार आठवडे वजन आणि माप दोन्ही ढिम्म राहिली तरच डायटिशियनला तीन दिवसांचं खाणं खरं खरं लिहून दाखवा, चहातल्या साखरेसकट.

७. या काळात जे होतं आणि कुणी आधी सांगत नाही

केस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात पुंजके यायला लागतात आणि बायका वजनापेक्षा यानेच जास्त घाबरतात. मोठं ऑपरेशन आणि झपाट्याने वजन उतरणं याचा धक्का बसून बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. चार-सहा महिन्यांत थांबतं, नवे येतात. प्रोटीन, लोह, झिंक कमी असेल तर लांबतं, म्हणून तेलं-शांपू बदलण्याआधी रिपोर्ट बघा.

पित्ताशयातले खडे. वजन भराभर उतरताना होतात, म्हणून बरेच सर्जन सहा महिने त्यासाठी गोळी देतात. ती "मला काही होत नाही" म्हणून सोडू नका.

उलट्या. एखादा घास अडकून झाली ते वेगळं, पण दिवसेंदिवस काही टिकत नसेल तर थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी१ संपतं आणि मेंदूवर-नसांवर परिणाम होऊ शकतो, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं. ही इमर्जन्सी आहे, घरी थांबायचं नाही. "उलट्या होतायत म्हणून वजन मस्त उतरतंय" असं म्हणणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब, गळून जाणं, हे डम्पिंग, बायपासवाल्यांना जास्त. एखादा गुलाबजाम पुरतो.

पाळी नियमित होते, पीसीओएसवालीला वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. पण पहिले १२ ते १८ महिने प्रेग्नन्सी टाळायची असते, आई स्वतःच भराभर उतरत असते, बाळाला काय पुरणार. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, गायनॅककडे जाऊन दुसरा उपाय घ्या. हे नवऱ्यालाही सोबत बसवून सांगा, आणि सासूबाईंना "एवढ्यात नाही, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरे.

दारू लवकर चढते, विशेषतः बायपासनंतर, आणि व्यसन लागायचा धोकाही वाढतो. डोकं-गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून खायचं बंद, पॅरासिटामॉल चालतं, बाकी विचारून.

मूड. कपडे ढिले होतायत, लोक कौतुक करतायत आणि तरी रडू येतंय, असं होतं. आधी टेन्शन आलं की खायचो, आता ते दार बंद झालंय. समुपदेशकाकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

८. सहा महिने ते दीड वर्ष

भूक परत येते. नवीन लोक इथे हादरतात, वाटतं पोट परत मोठं झालं. पोट जागच्या जागी असतं, हार्मोन हळूहळू सावरतात म्हणून भूक कळायला लागते. पहिल्या वर्षात भूक नसताना ज्या सवयी लावल्या त्या आता कामाला येतात, म्हणून पहिलं वर्ष "काहीही खाल्लं तरी उतरतंय" म्हणून वाया घालवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

व्यायाम आत्तापर्यंत चालणं होता, आता वजनं उचलायचा. उतरलेल्या किलोंमध्ये नुसती चरबी नसते, साधारण पाव हिस्सा स्नायू वगैरे असतात. स्नायू गेले की शरीर कमी कॅलरीत भागवतं आणि पुढे वजन परत चढायला सोपं होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, जिम नसेल तर घरी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी बँड, खुर्चीवरून उठ-बस. सर्जनने परवानगी दिल्यावरच, कारण पोटाच्या टाक्यांना सुरुवातीचे आठवडे वजन उचलणं चालत नाही.

सगळ्यात कमी वजन साधारण १२ ते १८ महिन्यांत येतं, काहींचं दोन वर्षांपर्यंत. ते ७९ आलं आणि मनात ६४ होतं, तर वाईट वाटणारच. पण ११० वरून ७९ आलेल्या माणसाच्या शुगरच्या गोळ्या सुटलेल्या किंवा कमी झालेल्या असतात, रात्रीचं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं बहुतेकांचं खूप कमी होतं, दादर स्टेशनचा पूल न थांबता चढता येतो. हा हिशोबही वहीत लिहा, गोळ्या किती होत्या, किती राहिल्या.

कातडी लोंबते, पोटाची आणि दंडाची जास्त. व्यायामाने थोडं भरतं, सगळं नाही. प्लास्टिक सर्जरी करायचीच असेल तर वजन काही महिने स्थिर झाल्यावर, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास किंवा नंतर.

९. उपास, लग्नं आणि आग्रह

पहिलं वर्ष उपास नको. निर्जळी तर अजिबातच नाही, पाणीच आधी जेमतेम जातंय. आणि "फराळाचा" उपास म्हणजे साबुदाणा खिचडी, बटाटा, रताळं, नुसतं पिठूळ आणि तेल, प्रोटीन फक्त दाण्याच्या कुटाचं. नवरात्रात नऊ दिवस हे केलं की वजनही अडतं आणि अशक्तपणाही येतो. श्रद्धा असेल तर दूध, दही, पनीर, ताक यावर एक दिवस नंतरच्या वर्षांत जमतं, तेही विचारून.

पंगतीत वाढपी आग्रह करणार, मावशी "एवढंसं काय, पक्षी खातो का" म्हणणार. छोटी वाटी मागून घ्या, हळूहळू चमचा फिरवत राहा, कुणी मोजत नसतं. सर्जरीचं सगळ्यांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ही सर्जरी करून घेतली आणि ती बातमी सगळीकडे आली, तेव्हापासून लोकांना निदान ऐकून माहिती असतं, तरी "आळशी लोकांचा शॉर्टकट" म्हणणारे भेटतातच. आणि आठ-नऊ महिन्यांनी चेहरा उतरल्यासारखा दिसतो तेव्हा "तब्येत बरी नाही का, काही लपवताय का" हेही ऐकायची तयारी ठेवा. तोंडावरची चरबी आधी जाते, नंतर चेहरा पुन्हा भरून येतो.

१०. दोन वर्षांनंतर

थोडं वजन परत येतं. हे सगळ्यांना आधीच माहीत पाहिजे. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांवर चाललेला एसओएस नावाचा अभ्यास आहे, त्यात सर्जरीवाल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के कमी होतं, दहा वर्षांनी १७ आणि वीस वर्षांनी १८ टक्के कमी. त्यातल्या बऱ्याच सर्जरी जुन्या पद्धतीच्या होत्या, नुसत्या बायपासवाल्यांचं दहा वर्षांनीही साधारण २५ टक्के कमी होतं. म्हणजे थोडं चढून मग बहुतेकांचं टिकतं. सगळ्यात कमी वजनापेक्षा तीन-चार किलो वर स्थिर होणं अगदी नॉर्मल.

वीस किलो चढतात ते एकदम नाही. फरसाण, चिवडा, बिस्किट, शेव हे पदार्थ तोंडात विरघळतात आणि लहान पोटातून सहज खाली उतरतात, उचकी नाही की दाब नाही, त्यामुळे दिवसभर मूठ-मूठ तोंडात टाकत राहिलं की हजार कॅलरी कळतही नाहीत. अख्खी कोंबडी खाऊन कुणाचं वजन परत वाढलेलं मी बघितलं नाही, डब्यातल्या चिवड्याने वाढलेलं बघितलंय. गोड चहा, ज्यूस, कोल्ड्रिंक, मिल्कशेक तसेच.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ तुकड्या-तुकड्याने, डी३, लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. शाकाहारी माणसाचं बी१२ आपल्याकडे आधीच कमी असतं, त्यात ही सर्जरी, म्हणून इंजेक्शन लागलं तर टाळू नका. हातापायाला मुंग्या आल्यावर शोधत बसण्यापेक्षा रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी, बरं वाटत असलं तरी.

आणि एक आकडा आजच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सगळ्यात कमी वजन जे येईल त्यात ५ किलो मिळवायचे, त्या आकड्याला काटा टेकला की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट. लोक लाजेने दोन-तीन वर्षं फॉलोअपला जात नाहीत, डॉक्टर रागावतील म्हणून, आणि २५ किलो वाढल्यावर जातात. ५ किलोला गेलात तर बहुतेक वेळा खाण्याची घडी नीट बसवून आणि व्यायाम वाढवून आवरतं. त्याच्या पुढे गेलं तरी रस्ते आहेत, सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइडसारखी वजन कमी करायची औषधं सर्जरी झालेल्यांनाही डॉक्टर देतात, काहींना स्लीव्हची बायपास करावी लागते, खास करून अ‍ॅसिडिटी फार असेल तर. जाताना वही न्या, तीन दिवसांचं खाणं लिहून न्या, आणि शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते आठवत नसेल तर आदल्या दिवशीच करून घ्या.